खिडकी ओढा, आकडा बघा

हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एसी असतो, चाकणला जाणाऱ्या बसमध्ये झोप असते. निगडीला सकाळी उभं राहिलं की दोन्ही दिसतात. मी बरीच वर्षं पहिलीत बसलो, माझा मेहुणा दुसरीत. त्यामुळे सासरच्या कुठल्याही कार्यात आमच्यात एक न बोललेली चढाओढ असायची आणि तीत मी हमखास हरायचो. मेहुणा खिशातून ब्रेकचा पिस्टन काढायचा. चकचकीत, गुळगुळीत, हातात घेतला की वजन कळेल असा. सासरे तो उलटसुलट करून बघायचे, शेजारच्या पाहुण्याच्या हातात द्यायचे आणि मग माझ्याकडे वळून विचारायचे, "पाव्हणं, तुम्ही नेमकं बनवता काय?"

मी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत एका परदेशी बँकेच्या रात्रीच्या हिशेबाचा एक कोपरा सांभाळायचो. त्याला ना रूप, ना रंग. रात्री सर्व्हरवर चालायचं आणि नीट चाललं तर सकाळी कुणाला कळायचंही नाही. खिशातून काढून दाखवावं असं त्यात काही नव्हतं. सासूबाई मध्ये पडायच्या, "त्यांचं ते कंप्युटरचं असतं." मग आमरस यायचा आणि विषय बुडायचा.

म्हणून मेहुणा जेव्हा म्हणाला, "दाजी, तुम्हाला जावा येतं ना? आमच्या शॉपमध्ये एक बोर्ड बसवायचाय," तेव्हा पुढचं ऐकूनही न घेता मी हो म्हटलं.

बोर्ड म्हणजे प्रॉडक्शन बोर्ड. मोटारी बनवणाऱ्या कंपन्या पुरवठादाराकडून नुसता माल मागत नाहीत, शिस्तही मागतात. टोयोटाने जगाला लावलेली एक सवय म्हणजे अँडॉन: लाइनवर काय चाललंय आणि कुठे अडलंय हे सगळ्यांच्या डोक्यावर टांगून ठेवायचं. मेहुण्याच्या कंपनीत त्या जागी एक पांढरा फळा होता. त्यावर दर तासाचे आकडे मार्करने लिहायची जबाबदारी एका हेल्परकडे होती आणि तो पोरगा इतका तत्पर, की दुपारच्या जेवणाआधीच संध्याकाळपर्यंतचे आकडे लिहून मोकळा व्हायचा. कस्टमरच्या माणसाने हे पाहिलं. मग तयार बोर्डाचं कोटेशन मागवलं गेलं, ते पाहून मोठ्या साहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि मग कुणाला तरी दाजींची आठवण झाली. दाजी फुकट होते.

चाकणबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण माझ्या फजितीतला निम्मा वेळ तिथे पोचण्यातच गेला. एके काळी चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. त्याच्याही आधी, १६६० साली, इथल्या संग्रामदुर्गावर फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शाहिस्तेखानाला दीड महिन्याहून जास्त रोखून धरलं होतं. १९८० साली शरद जोशींनी कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांना घेऊन पुणे-नाशिक रस्ता अडवला, तोही इथेच. आता तो अडवायला ना किल्लेदार लागतो ना आंदोलन. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, त्यांच्यामागून त्यांचे पुरवठादार, पुरवठादारांचे पुरवठादार आणि या सगळ्यांचे कंटेनर आले. रस्ता मात्र आला नाही. मोशी सोडली की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये येते, आळंदी फाट्याला पहिल्या, आणि आंबेठाण चौकापासून माणूस गिअरच्या पलीकडे जातो.

तर बोर्ड. मशीनवरचा पीएलसी प्रत्येक जॉब मोजायचा आणि आकडा सर्व्हर रूममधल्या डेटाबेसमध्ये टाकायचा. तेवढं तिथल्या मेंटेनन्सवाल्यांनी आधीच करून ठेवलं होतं. मला फक्त तो आकडा दर काही सेकंदांनी वाचून मोठ्या टीव्हीवर दाखवायचा होता. टीव्हीला एक जुना, लिनक्स घातलेला पीसी जोडला होता. मी जावातलं स्विंग काढलं. १९९८च्या अखेरीस जावाच्या १.२ आवृत्तीबरोबर आलेलं हे खिडक्या, बटणं आणि तक्ते काढायचं सामान. मी ते चिंचवड स्टेशनजवळच्या एका क्लासात शिकलो होतो आणि त्यानंतर कधी हात लावला नव्हता, कारण बँकेच्या रात्रीच्या हिशेबाला खिडकी नसते. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, हे ब्राउझरमध्ये का नाही करत? सोपं पडेल." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. सोपं करायला मी थोडाच गेलो होतो!

गुरुवारी त्यांची सुट्टी. पिंपरी-भोसरीकडची गुरुवारची सुट्टी जुनी, कंपनी चाकणला आली तेव्हा तीही बरोबर आली. बंद शॉपमध्ये मी बोर्ड चढवला. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळे आकडे, वर घड्याळ, खाली मशीनवार तक्ता. मेहुण्याने फोटो काढून सासरच्या ग्रुपवर टाकला. सासऱ्यांचा अंगठा आला.

शुक्रवारी सकाळी फोन. "दाजी, बोर्ड चौदावरच आहे."

"मशीन बंद असेल."

"मशीन समोर चालू आहे दाजी. मी मशीनच्या आवाजात बोलतोय."

मग मी पीएलसीवर घसरलो. पीएलसी बरोबर निघाला. मग डेटाबेसवर. मेहुण्याने तिथला आकडा वाचून दाखवला, तोही बरोबर. मग मी वायरकडे बोट दाखवलं, टीव्हीकडे दाखवलं, कंपनीच्या अर्थिंगबद्दल शंका काढली. माझ्या कोडकडे संशयाने बघावं असं मला तासभर सुचलं नाही. शेवटी निघालो.

दुपारी तळेगाव चौकातून सुटून शॉपमध्ये शिरलो तर बोर्डावर ताजा आकडा! माझा ऊर भरून आला. तेवढ्यात टीव्हीखाली चिकटवलेला कागद दिसला:

"आकडा बघायचा असल्यास खिडकी कोपऱ्यातून ओढावी. – हुकमावरून."

शोध आयटीआयच्या एका अप्रेंटिस पोराचा होता. टीव्ही सरळ करताना त्याचा हात माउसला लागला, खिडकीचा कोपरा हलला आणि चौदाचे एकदम एकशे ब्याण्णव झाले. पोराने पुन्हा ओढून पाहिलं: एकशे त्र्याण्णव. मी पोचेपर्यंत शॉपमध्ये त्याची पद्धत बसली होती. टीव्ही डोक्यावर, म्हणून स्टोअरमधून वायरलेस माउस आणला होता. तो शिफ्ट इनचार्ज मामांच्या खिशात. आकडा हवा असला की मामा माउस काढायचे, मांडीवर ठेवायचे, मान वर करून जीभ दातांत धरायची आणि खिडकीचा कोपरा बोटभर ओढायचा. आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, माउस परत खिशात. एकदा त्यांच्या हातून खिडकी इतकी आकसली की नुसतं नाव उरलं, आणि मग अर्धा तास सगळ्यांनी मिळून बोर्ड शोधला.

"चांगलंय तुमचं सॉफ्टवेअर," मामा म्हणाले. "ओढलं की येतं." ते मनापासून बोलत होते. तेच जास्त लागलं.

आता हे काय होतं ते सांगतो. दर वेळी नवा आकडा आला की मी आकड्याची जुनी पट्टी पॅनेलवरून काढून टाकत होतो आणि नवी चढवत होतो. जावाने दोन्ही कामं मुकाट्याने केली होती. पण पट्टी काढली म्हणून पडद्यावरचं तिचं चित्र कुणी पुसत नाही, ते पुसायला वेगळं सांगावं लागतं. आणि नवी पट्टी चढवली म्हणून तिला जागा मिळत नाही. मांडणी पुन्हा करा असं सांगेपर्यंत तिची लांबी शून्य आणि रुंदी शून्य. म्हणजे सकाळपासून जो चौदा सगळ्यांना दिसत होता तो जावाच्या लेखी अस्तित्वातच नव्हता, आणि जो एकशे ब्याण्णव अस्तित्वात होता तो कुणाला दिसत नव्हता. खिडकीचा आकार बदलला की मात्र स्विंगला सगळी मांडणी नव्याने करावीच लागते. मामांचा माउस तेवढंच करत होता.

इलाज दोन शब्दांचा. रिव्हॅलिडेट, म्हणजे मांडणी पुन्हा कर. रिपेंट, म्हणजे पुन्हा रंगव. (तिसरा एक शब्द आहे, अपडेट-यूआय. नावावरून वाटतं, हाच तो. मुळात तो खिडकीचं रंगरूप बदलण्यासाठी आहे. जाता जाता मांडणी आणि रंगकामही करून टाकतो म्हणून लोक वापरतात. मीही आधी तोच टाकला होता, हे इथेच राहू द्या.) खरं म्हणजे पट्टी काढायची-चढवायची गरजच नव्हती. आहे त्याच पट्टीवरचा मजकूर बदलला असता तर स्विंगने तो आपणहून रंगवला असता. पण शोधून शोधून अवघड वाट धरल्याशिवाय आपण काही केलं असं मला वाटत नाही.

त्या दोन ओळी टाकायला काही सेकंद लागले. पण तळेगाव चौक पार करून आलेला माणूस काही सेकंदांत उठू शकत नाही. चारचौघांत ते बरं दिसत नाही. मी गंभीर चेहऱ्याने कीबोर्डवर बसून राहिलो, मधूनमधून "हं" म्हणालो, एक कोड उघडून दुसरं बंद केलं. चहा आला. मागे अप्रेंटिस उभा राहून बघत होता. तो हळूच म्हणाला, "सर, दोनच ओळी वाढल्या ना?" मी त्याला आणखी एक चहा आणायला पाठवलं.

बोर्ड चालू लागला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कंपनीने घरच्या माणसांना पूजेला बोलावलं. प्रत्येक मशीनला हार, लेथच्या चकला हळदकुंकू, टीव्हीलाही झेंडूची माळ. सासरे आले. मेहुण्याने अभिमानाने त्यांना बोर्डासमोर उभं केलं. पूजेसाठी सगळी लाइन बंद, त्यामुळे बोर्ड अगदी अचूक माहिती दाखवत होता. सासऱ्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "पाव्हणं, सगळीकडं शून्यच दिसतंय की!"

इथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मला वाचनाची खोड. स्विंगच्या माहितीत एक नियम वाचला आणि माझी झोप उडाली: खिडकीला हात लावणारं प्रत्येक काम एकाच ठरावीक थ्रेडवर व्हायला हवं. माउस, कीबोर्ड, रंगकाम, सगळं एका रांगेत उभं राहतं आणि तो एकटा थ्रेड ती रांग एकेक करून उरकतो. रिपेंट म्हटल्याने लगेच काही रंगत नाही, फक्त रांगेत एक चिठ्ठी पडते. माझं कोड मात्र दुसऱ्याच थ्रेडवरून खिडकीत हात घालत होतं. चालत होतं, पण चाललं ही कृपा होती. मी नियमाला लागलो आणि सगळं काम उचलून त्या एका थ्रेडवर नेऊन ठेवलं. सगळं म्हणजे डेटाबेसमधून आकडा आणण्याचंसुद्धा.

नियमाचा दुसरा अर्धा भाग पुढच्या परिच्छेदात होता: वेळ खाणारं कुठलंही काम त्या थ्रेडवर करू नये. तळेगाव चौकात उभा असलेला एकटा हवालदार समजा. त्याला कुणी म्हटलं, जरा राजगुरुनगरला जाऊन माझा निरोप सांगून या, आणि तो खरंच गेला, तर चौकाचं जे होईल तेच खिडकीचं होतं. मी तो परिच्छेद वाचला नाही. वर, डेटाबेस तुटला तर जोडणी होईपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहा, अशी चिकाटीची सोयही त्याच थ्रेडवर करून दिली आणि स्वतःवर खूश झालो.

आणि कस्टमरचं ऑडिट आलं.

ऑडिटच्या आधी कारखान्यात जी साफसफाई होते ती घरातल्या लग्नालाही होत नाही. फाइव्ह-एसवाले सकाळपासून फिरत होते. ज्या वस्तूचा उपयोग कुणी सांगू शकत नाही तिला लाल टॅग लावायचा आणि पिवळ्या पट्ट्यांच्या चौकोनात, म्हणजे रेड टॅग एरियात, नेऊन ठेवायचं. पिलरवरच्या स्विचपासून सर्व्हर रूमपर्यंत एक निळी वायर लोंबत होती. मी ती बसवली होती, सेलोटेपने. तिचा उपयोग सांगू शकणारा एकमेव माणूस त्या वेळी आंबेठाण चौकात होता.

वायर निघाली तेव्हा शिफ्ट रंगात होती. उत्पादन ४१२, रिजेक्शन ०, डाउनटाइम ०. माझ्या कोडने चिकाटीने जोडणीचे प्रयत्न सुरू केले आणि खिडकी त्या क्षणाला थिजली.

मी पोचलो तेव्हा ऑडिटर बोर्डासमोर उभे होते. मोठे साहेब त्यांच्या डाव्या बाजूला, चेहऱ्यावर बारशाचं तेज. मागे मेहुणा, मामा, क्वालिटीवाले. ऑडिटर रिजेक्शनच्या शून्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "हे रिअल टाइम आहे?"

"शंभर टक्के," मोठे साहेब म्हणाले. "इनहाउस बनवलंय."

ऑडिटर चार पावलं पुढे गेले. वहीत काहीतरी लिहिलं. पुन्हा बोर्डाकडे पाहिलं, मग मनगटाकडे पाहिलं, मग पुन्हा बोर्डाकडे. बोर्डावरचं घड्याळही त्याच थ्रेडवर चालायचं.

"तुमच्याकडे अजून पावणेअकराच वाजलेत का?"

लंचचा भोंगा त्याच वेळी वाजला. मी खोटं सांगत नाही, तो रोज त्याच वेळी वाजतो.

पुढचं दृश्य मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मामांनी सवयीने खिशात हात घातला, माउस मांडीवर ठेवला आणि खिडकीचा कोपरा ओढला. या वेळी काही झालं नाही. आकार बदलायचं कामही त्याच रांगेत उभं होतं. मामा ओढत राहिले. ऑडिटरनी विचारलं, "हे काय करताहेत?" मेहुणा म्हणाला, "व्हेरिफिकेशन." मी पुढे होऊन पीसी बंद करून चालू केला, तर आता जोडणीच नाही, म्हणून खिडकी आलीच नाही. नुसतं करड्या रंगाचं एक चौकोनी मैदान. त्यापेक्षा शून्य बरं होतं.

वायर शेवटी रेड टॅग एरियात सापडली, व्यवस्थित गुंडाळी करून, टॅगसकट. टॅगवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: वस्तूचे नाव – वायर. कारण – उपयोग माहीत नाही. जबाबदार व्यक्ती – दाजी.

ऑडिटरनी त्यावर एक मुद्दा लिहिला आणि त्याच्या उत्तरासाठी मुदत दिली. रूट कॉज अनॅलिसिसमध्ये पाच वेळा "का?" विचारायचं असतं. बोर्ड का थांबला? आकडा आला नाही. का आला नाही? वायर काढली. का काढली? उपयोग माहीत नव्हता. का माहीत नव्हता? कुणी सांगितलं नाही. का सांगितलं नाही? या चौकटीत मेहुण्याने आधी "पाहुणे असल्यामुळे" असं लिहिलं होतं. ते खोडायला लावलं.

त्यानंतर मी तो पुढचा परिच्छेद वाचला. या दुखण्यावरचं औषध २००६च्या अखेरीपासून, जावाच्या सहाव्या आवृत्तीपासून, जावाबरोबरच येत होतं. स्विंगवर्कर. डेटाबेसकडे जाणारा निरोप्या वेगळा, तो मागच्या मागे जातो, अडकला तर तिकडेच अडकतो, आणि आकडा घेऊन आला की फक्त तेवढा आकडा खिडकीच्या थ्रेडच्या हातात देतो. मी तसं केलं. घड्याळ आता कशानेही थांबत नाही. शेवटचा आकडा किती वाजता आला तेही बोर्डावर येतं आणि तो शिळा झाला की सगळी पट्टी लाल होते. वायरला लेबल लावलं, क्लिपा ठोकल्या. मुलीला दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे बाबा. ब्राउझरमध्ये हे..." मी लॅपटॉप मिटला.

बोर्ड आता खरोखर जिवंत आहे आणि त्यापायी शॉपमधली माझी लोकप्रियता पार गेली. टूल बदलायला मशीन थांबलं की डाउनटाइम धावायला लागतो. चहाच्या सुट्टीत दोन मिनिटं जास्त गेली की ती दोन मिनिटं वर टांगलेली असतात. रिजेक्शन वाढलं की मामांनी वहीत काही लिहायच्या आत मोठ्या साहेबांना केबिनच्या काचेतून दिसतं आणि ते बाहेर येतात. मामांनी माउस स्टोअरला परत केला. देताना तो स्टोअरवाल्याच्या हातात असा काही ठेवला की मला बघवलं नाही. अप्रेंटिसचं ट्रेनिंग संपलं, तो आता जवळच्या दुसऱ्या कंपनीत आहे आणि तिथले बोर्ड तो करतो, असं ऐकतो. ब्राउझरमध्ये.

परवा पुढच्या ऑडिटची तारीख आली. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. चहा मागवला. बराच वेळ रस्त्याबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, मग काचेतून बोर्डाकडे बघत म्हणाले, "दाजी, ते आधीचं होतं ना, आपोआप थांबायचं... ते परत करता येईल का? रोज नको. फक्त त्या दिवशी, दहा ते चार."

"येईल की," मी म्हटलं, "पण साहेब, त्यात घड्याळही थांबतं."

साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "घड्याळ काढून टाकलं तर?"